सोळा पानांची आत्या

लोकांना वाटतं, पुस्तकं बांधायच्या कारखान्यातल्या बायका म्हणजे काय वाचत असतील! कप्पाळ. चपला शिवणारा काय जग फिरून येतो का? आमच्याकडे छापलेला कागद येतो तो हा एवढा मोठा, चादरीएवढा. त्याच्यावर पुढून आठ आणि मागून आठ अशी सोळा पानं, आणि त्यातली निम्मी डोकं खाली, पाय वर. याला म्हणतात फर्मा. एका पुस्तकाचे असे वीस-पंचवीस फर्मे, आणि एका बाईच्या वाट्याला एकच. तिने त्याच्या घड्या घालायच्या, पट्टीने दाबायच्या, गठ्ठा रचायचा, की पुन्हा तोच कागद. सोळा पानं डोळ्यांसमोरून हजारदा जाणार आणि बाकीच्या पुस्तकाशी आपलं काही देणंघेणं नाही. मी तर घडीवरही नव्हते. मी खळीच्या टेबलावर, पुठ्ठे चिकटवायला. माझ्याकडे पुस्तक येतं तेव्हा त्याची शिलाई होऊन गेलेली असते आणि माझे हात खळीने बरबटलेले असतात. कोण वाचणार?

पण घडीच्या टेबलावर एक होती, ती वाचायची. तिला आम्ही इस्त्री म्हणायचो. रुमाल असो, बसचं तिकीट असो, तिच्या हातात आलं की कोपऱ्याला कोपरा लागलाच. भांडणाचीसुद्धा घडी घालून ठेवायची आणि पुन्हा म्हणून उघडायची नाही. माझ्यासारखीला याचा फार राग येतो. मला भांडण चांगलं धुऊन, पिळून, वाळत घालायला लागतं. लग्न केलं नव्हतं तिने. का, ते मी विचारलं होतं. मी सगळंच विचारते. तर म्हणाली, "राहून गेलं." दूध आणायचं राहून जावं तसं!

तिचा धाकटा भाऊ दूरच्या बंदरात जहाजं दुरुस्त करायचा. त्याची बायको आजाराने गेली तेव्हा त्यांची मुलगी नीट बोलतही नव्हती. त्याने पोरीला बहिणीकडे आणून ठेवलं आणि म्हणाला, "ताई, थोडे दिवस सांभाळ." थोडे दिवस! पुरुषांचे थोडे दिवस आणि विहिरीचा तळ, दोन्ही दिसत नाहीत. पोरगी काडीसारखी, आणि सारखी काहीतरी चावत बसायची. कटर चालवणारे आमचे मामा म्हणाले, "ही तर पेन्सिल." तेच नाव पडलं.

शाळा सुटली की पेन्सिल कारखान्यात यायची. कटरने कापलेल्या कात्रणांची पोती भिंतीशी रचलेली असायची, त्यांच्यावर चढून बसायची. दुपार कलली की मागच्या उंच खिडक्यांतून ऊन आत यायचं आणि कागदाचा भुगा हवेत हळूहळू फिरत राहायचा. खाली बसत नाही, वर जात नाही, नुसता फिरतो. कटरचा आवाज एका लयीत, पट्टी कागदावरून सरकल्याचा आवाज, आणि माझ्या खळीचा तो कोमट वास. जागं असूनही झोपेत असल्यासारखं वाटायचं. असल्याच एका दुपारी त्या कादंबरीचा तिसरा फर्मा इस्त्रीच्या टेबलावर आला. पान तेहेतीस ते अठ्ठेचाळीस.

उलटसुलट पानांतून तुकडे वेचत तिने तो वाचून काढला आणि हातातलं काम न थांबवता पोरीला सांगायला लागली. नदीकाठी एक घर असतं. आई गेलेली एक लहान मुलगी धुक्यातून तिथे येते, तिच्या बापाच्या बहिणीकडे. मुलीला ताप भरतो, ती आत्या उशाशी बसून राहते. मुलगी बरी होते. आत्या तिला नाव वल्हवायला शिकवते: ओढू नकोस, पाण्याला मागे सार, म्हणते. मग एके दिवशी बापाची घोडागाडी दारात येऊन उभी राहते. आत्या मुलीच्या अंगावर शाल घालते. मुलगी उंबऱ्यावर पाय ठेवते, मागे वळून पाहते आणि...

आणि काय? फर्मा संपला. अठ्ठेचाळिसावं पान 'आणि'वरच तुटलं होतं. चौथा फर्मा पलीकडच्या टेबलावर होता, चार हातांवर. मी म्हटलं, थांब, आणून देते. उठलेसुद्धा. तर इस्त्रीने माझा खळीचा हात धरला, खळीचा! "नको," म्हणाली, "असू दे तसंच."

पोत्यावरून पेन्सिलने विचारलं, "आणि काय, आत्या?"

"आणि तिच्या लक्षात आलं," इस्त्री म्हणाली, "की आपली एक चप्पल आतच राहिली. म्हणून ती परत आत गेली."

झालं. तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. कादंबरी छापून, बांधून, विकून गेली, फार काही खपलीही नाही म्हणे, पण आमच्या कारखान्यात ती चालूच. रोज त्या मुलीला दारात काहीतरी आठवायचं. आज चप्पल, उद्या फणी, परवा मांजराला सांगायचं राहिलं. आत गेली की एक अख्खी गोष्ट घडायची आणि शेवटी पुन्हा ती दारात. वर्षानुवर्षं घोडागाडी उभीच! एकदा पेन्सिल रडायला लागली की घोड्याला भूक लागली असेल. मग दोन दिवस गोष्टीत घोड्याला चारा घालण्यात गेले. गाडीवानाला आतून चहा जायला लागला. पुढे पुढे तर तो गाडीवान घरच्यासारखा झाला, छपराची गळती काढून देऊ लागला. मामा कटर थांबवून विचारायचे, "आज गाडीवान बरा आहे ना?"

आणि हळूहळू आम्ही सगळेच त्या घरात राहायला गेलो. मला हे उशिरा कळलं. एक दिवस पेन्सिल माझ्याकडे बघून खुदकन हसली. मी म्हटलं, काय गं, माझ्या तोंडाला खळ लागली आहे का? तर म्हणते, "काकू, तुम्ही काल नदीला झापलंत." नदीला! म्हणजे गोष्टीत एक शेजारीण होती, ती सकाळी उठून आधी कोंबड्याला बोलायची, मग धुक्याला, आणि पाणी चढलं की काठावर उभी राहून नदीचा उद्धार करायची. नदी आपली गुपचूप उतरायची. मी इस्त्रीवर असा जाळ काढला की विचारू नका. माझी परवानगी घेतलीस का, म्हटलं. ती शांतपणे घडी दाबत म्हणाली, "नदी तुला घाबरते, यात वाईट काय आहे?" दुसऱ्या दिवसापासून मी रोज विचारायला लागले, आज मी काय केलं म्हणून.

पोर त्यातच वाढली. शाळेत कुणी तिची आई काढली तर ती माझ्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. तिच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं. उंची भसाभस वाढली, पोक काढून चालायला लागली, तर गोष्टीतली मुलगी एवढी उंच झाली की सगळ्यांत वरच्या फळीवरचं फक्त तिलाच दिसायचं. त्या आठवड्यात पेन्सिलची पाठ सरळ झाली. एकदा खोटं बोलली, तेव्हा गोष्टीतली आत्या अख्खा दिवस न बोलता बसली, आणि ते ऐकताना पेन्सिलने स्वतःहून सगळं ओकलं. आपण कोण आहोत हे मुलं आरशात बघून ठरवत नाहीत हो. आपल्याकडे बघणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून ठरवतात. तिला बघायला एक आत्या, एक तापट काकू, एक कटरवाले मामा आणि एक उभी गाडी, एवढाच पसारा होता. त्यातून जी मुलगी तयार झाली, ती मला आवडायची. पोटच्यांपेक्षा जास्त, हेही सांगून टाकते.

कधी कधी घरी जाताना रस्त्यावर धुकं असलं की मला वल्ह्यांचा आवाज यायचा. आमच्या शहरात नदी नाही.

पेन्सिल चौदा वर्षांची झाली तेव्हा भाऊ आला. तसा अधूनमधून यायचा, खाऊ आणायचा, पाहुण्यासारखा बसून जायचा. या वेळी बायकोला घेऊन आला. दुसरं लग्न केलं होतं. बाई चांगली होती, हसरी, मला तिच्यात काही खोट काढता आली नाही, आणि मी कमी प्रयत्न केला नाही. त्याने आता घर घेतलं होतं. पोरीसाठी वेगळी खोली, खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. शाळेचा फोटो आणला होता, मोठी प्रयोगशाळा असलेली शाळा. इस्त्रीच्या एवढ्याशा खोलीत आम्ही सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. पेन्सिलने तो फोटो बघून खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.

"ताई," भाऊ म्हणाला, "तुझे उपकार मी कसे फेडू? पण आता तिला घेऊन जावं म्हणतो. रविवारी. तुझं काय म्हणणं आहे?"

इस्त्री म्हणाली, "तुझीच आहे. ने."

बस्स. एवढंच. पेन्सिल तिच्याकडे बघत राहिली. इस्त्रीने सगळ्यांचे कप उचलले आणि विसळायला गेली.

दुसऱ्या दिवशी पोरगी पोत्यावर चढली नाही. माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, आत्याला मी नकोशी झाले का?"

माझ्या हातातला पुठ्ठा वाकडा चिकटला. म्हटलं, तिलाच विचार. "विचारलं," म्हणाली. "मी जाऊ की नको असं विचारलं. तर म्हणते, तुला वाटेल तसं कर. मला काय वाटतं तेच कळत नाहीये, काकू. ती शाळा मला हवी आहे. पण आत्या अशी सामान बांधतेय, जशी मी भाडेकरूच होते."

मी तडक घडीच्या टेबलाशी गेले. म्हटलं, बाई, तुझ्या तोंडाला काय टाके घातलेत? राहा म्हण ना तिला!

"मी कोण?" इस्त्री म्हणाली. "आई नाही, बाप नाही. मधे आलेली बाई. मी राहा म्हटलं तर ती राहील, मला माहीत आहे. आणि उद्या म्हणेल, हिच्यामुळे माझं सगळं राहून गेलं. मला ते ऐकायचं नाही. माझं राहिलं तेवढं पुरे."

"मग गोष्टीतली मुलगी? ती गेली का?"

"मला काय ठाऊक? माझा फर्मा तिथेच संपतो."

आता माझं डोकं सणकलं. म्हटलं, तुला नसेल ठाऊक, कुणाला तरी असेलच ना! बांधलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत मालकांच्या कपाटात असते. शनिवारी अर्धा दिवस काम. सगळे गेल्यावर मी मालकांकडून किल्ली घेतली आणि ती कादंबरी शोधून काढली. पुठ्ठा मीच चिकटवलेला, कोपऱ्याला माझ्या अंगठ्याचा पुसट डागसुद्धा होता. मी खिडकीपाशी बसले. मला वाचायला वेळ लागतो, ओठ हलतात. पण एकदा आत गेले ती गेलेच. यंत्रं बंद, हॉल रिकामा, ऊन भिंतीवरून सरकत गेलं, मग दिवा लावला, रात्र सरत आली आणि मी त्या घोडागाडीत बसून चालले होते. हो, गेली ती. एकोणपन्नासाव्या पानाच्या पहिल्याच ओळीत गाडीत बसली आणि गेली. मग मोठी झाली, शिकली, कुणाच्या प्रेमात पडली, भांडली, चुकली, सावरली. सगळे तिला काही ना काही देतात आणि ती घडत जाते, कादंबरी आहे चांगली, खोटं कशाला बोलू. पण मी प्रत्येक पानावर त्या आत्याला शोधत होते. आता पत्र येईल, आता ही तिला आठवेल. छे! चारशे पानांच्या पुस्तकात ती बाई सोळा पानं आहे. पुढे तिचं नाव नाही. शेवटाकडे एकदा ती मुलगी पुरात सापडते आणि नाव वल्हवत लोकांना काढते. तिथे लिहिलं आहे, तिला हे कुणी शिकवलं, ते तिला आठवत नव्हतं.

मी रिकाम्या हॉलमध्ये मोठ्याने ओरडले. "अगं भवाने, तुझ्या आत्याने शिकवलं! तेहेतीस ते अठ्ठेचाळीस!"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, रागाने. रागाने म्हणते, पण रागच होता असं नाही.

रविवारी सकाळी मी इस्त्रीच्या घरी गेले तर ती घरात नव्हतीच. पेन्सिल, भाऊ आणि नवी वहिनी सामान खाली नेत होते, भाड्याची गाडी यायची होती. "आत्या कारखान्यात गेली," पेन्सिल म्हणाली. "तातडीचं काम आहे म्हणाली." रविवारी कसलं तातडीचं काम? मी पोरीला म्हटलं, मी येईपर्यंत हललीस तर तंगडी मोडीन. आणि या वयात, हे गुडघे घेऊन, धावत निघाले.

रखवालदाराने तिला आत घेतलं होतं. एकटीच टेबलाशी बसून कोरे कागद घडी करत होती. कोरे! मी तिच्यासमोर उभी राहिले, दम खात, आणि सगळं सांगितलं. गेली ती, म्हटलं. पहिल्याच ओळीत गेली. आणि तुझी ती बाई सोळा पानांत आटोपली. त्या मुलीला वल्हवायला कुणी शिकवलं, ते तिच्या ध्यानातही नाही. ऐकतेस का?

इस्त्री कागदाकडे बघत होती. हातातली घडी अर्धीच सोडून म्हणाली, "बरोबर आहे. कसं राहणार ध्यानात?"

"म्हणजे?"

"अगं, ती बाई दारात काही बोललीच नाही. हजारदा वाचलंय मी. शाल घातली आणि बाजूला झाली. मला वाटायचं, किती शहाणी बाई." तिने वर बघितलं. "मूर्ख होती ती. मुलगी मागे वळून बघत होती ना गं?"

आणि उठली. मी म्हटलं, अगं हळू, अगं मला येऊ दे. ती बाहेर पडलीसुद्धा होती. रस्त्यावर रविवारची सामसूम, दुकानं बंद, कोवळं ऊन, आणि पुढे ती धावतेय, मागे मी. त्या रस्त्याने आम्ही आयुष्यभर येत-जात होतो, पण तो इतका लांब मी कधी पाहिला नव्हता. स्वप्नात धावतो तसं. पाय चालतात आणि घर जवळ येत नाही.

गाडी दारात होती. सामान चढलं होतं. पेन्सिल फुटपाथवर उभी, भावाने दार उघडून धरलेलं. इस्त्री तिच्यासमोर जाऊन थांबली, आणि त्या शांत, कोपऱ्याला कोपरा लावणाऱ्या बाईने भर रस्त्यात आवाज चढवला.

"जाऊ नकोस!" म्हणाली. "राहा. मला तू हवी आहेस. तू गेलीस तर मला घरात करमणार नाही, जेवण जाणार नाही, मी रोज रडेन. तुझी शाळा चांगली आहे, बाप चांगला आहे, ते सगळं मला कळतं. तरी मी सांगते, जाऊ नकोस. मी कोण लागते तुझी हे मला माहीत नाही, पण माझं जे काही आहे ते तूच आहेस. नंतर म्हणू नकोस, आत्या काही बोललीच नाही."

भावाच्या हातून गाडीचं दार सुटलं. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. वरच्या खिडक्यांतून दोन-चार डोकी बाहेर आली, त्यांना मी नजरेनेच आत घातलं. आणि पेन्सिल अशी रडली, अशी रडली! आत्याच्या गळ्यात पडून, नाक तिच्या खांद्याला पुसत, लहान असताना रडायची तशी. "आधी का नाही म्हणालीस?" एवढंच पुन्हा पुन्हा. इस्त्री तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती आता आत्याहून उंच होती. आत्याला टाचा उचलाव्या लागत होत्या.

मला वाटलं, झालं, जिंकलो. मी ड्रायव्हरला म्हटलंही, उतरव रे ते सामान.

पेन्सिलने तोंड पुसलं. आत्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, नीट बघितला, आणि म्हणाली, "आता मी जाते, आत्या."

"अगं!" मी ओरडले. "आत्ता ती बाई राहा म्हणाली ना तुला? कानात काय बोळे घातलेत?"

"म्हणाली म्हणून तर जाते, काकू," ती म्हणाली. "न म्हणता पाठवलं असतं, तर मी परत कुणाकडे आले असते?"

मी ड्रायव्हरला म्हटलं, राहू दे रे ते सामान. आणि मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, एकदा सोडलेला हुकूम मी कधी मागे घेत नाही.